या पुडीत आहे तरी काय? नायट्याच्या औषधाचा इतिहास

१/
अकोल्याच्या डोंगरांपासून पाथर्डी-शेवगावच्या माळांपर्यंत, अहिल्यानगर जिल्ह्यात पहिले पाऊस पडून गेले की बांधावर, रस्त्याच्या कडेला, पडक्या भिंतींच्या आडोशाला एक रोप आपोआप उगवते. त्याचे नाव टाकळा. कुणी त्याला तरवटा म्हणतात, कुणी तरोटा. कोवळ्या पानांची भाजी होते, पुढे पिवळी फुले येतात आणि मग लांब शेंगा धरतात. संस्कृत वैद्यकात याच रोपाचे एक नाव ‘दद्रुघ्न’ असे आहे. दद्रूचा नाश करणारा तो दद्रुघ्न. दद्रू म्हणजे आपला नायटा, म्हणजेच गजकर्ण. आजचा धागा त्या रोगाच्या औषधाचा आहे. हे औषध कुठून आले, कुणाला परवडले आणि त्याच्या पुडीत नेमके काय होते, हे यात पाहू.

२/
नायट्याने माणूस मरत नाही. त्यामुळे इतिहासाने त्याची फारशी दखल घेतली नाही. प्लेगवर ग्रंथ लिहिले गेले, देवीच्या साथीवर लिहिले गेले. जांघेत, काखेत, कमरेभोवती उठणाऱ्या लाल चकंदळांवर कोण लिहिणार? पण ज्याला तो झाला आहे त्याला विचारा. घाम आला की आग, रात्री खाज, झोपेचे खोबरे, आणि वर लाज. आजार दाखवायचा म्हणजे वस्त्र बाजूला करायचे. म्हणून रोगी वैद्याकडे किंवा डॉक्टरकडे न जाता गुपचूप दुकानात जातो आणि हळू आवाजात म्हणतो, “खाजेवर काहीतरी द्या.” या रोगाच्या औषधाचा सगळा इतिहास या हळू आवाजातून घडला आहे.

३/
लाजेचे मूळ जुने आहे. चरकसंहितेत दद्रूची गणना क्षुद्र कुष्ठांत केली आहे, तर सुश्रुताने ती महाकुष्ठांत केली आहे. त्या काळी ‘कुष्ठ’ हा शब्द त्वचेच्या अनेक विकारांना लावला जाई. आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो त्याचा आणि नायट्याचा काही संबंध नाही. पण शब्दाची सावली लांब पडते. कातडीवर चट्टा दिसला की माणसे दूर सरकतात. मग रोगी आजार झाकतो, झाकलेल्या जागी घाम साचतो, आणि घामट, दमट जागाच या रोगाला सर्वांत मानवते.

४/
हा रोग बुरशीमुळे होतो, हे एकोणिसाव्या शतकात कळले. १८४० च्या दशकाच्या आरंभी पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी या वैद्याने डोक्याच्या कातडीवरील अशा रोगांत बुरशी असल्याचे सूक्ष्मदर्शकातून दाखवून दिले. जंतूंमुळे रोग होतात ही कल्पना सर्वमान्य होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. म्हणजे कारण लवकर सापडले होते. औषध मात्र सापडायचे होते. आणि ते सापडले तेव्हा त्याची वार्ता युरोपातून मुंबईत आली नाही. मुंबईतून ती युरोपात गेली.

५/
१८६४ साली मुंबईतील औषधशास्त्रज्ञ डी. एस. केम्प यांनी लंडनच्या औषधविषयक नियतकालिकात एका चूर्णाकडे लक्ष वेधले. हे चूर्ण पश्चिम हिंदुस्थानात नायट्यावर वापरले जात होते. रंग पिवळट, हवेत राहिले की तपकिरी, पुढे जांभळट होणारा. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये कालवून ते चट्ट्यावर लावत. गुण हमखास येई. लोक त्याला ‘गोवा पावडर’ म्हणत, कारण ते गोव्याहून येई. पण गोव्यात ते कुठून येई? कोणत्या झाडाचे? की झाडाचेच नव्हे? हे मुंबईच्या औषधविक्रेत्यांनाही सांगता येत नव्हते.

६/
जरा थांबून याचा अर्थ पाहू. औषध गुणकारी आहे, मागणी आहे, पण त्यात काय आहे हे घेणाऱ्याला माहीत नाही. अशा वेळी किंमत कशावरून ठरते? विक्रेता सांगेल तीच किंमत. भेसळ झाली तर ओळखायची कशी? ओळखता येत नाही. पुरवठा थांबला तर दुसरीकडून आणायचे कुठून? माहीत नाही. ज्याच्या हाती औषधाचे मूळ, त्याच्याच हाती औषधाचा भाव. केम्प यांनी विचारलेला प्रश्न म्हणून महत्त्वाचा ठरतो: या पुडीत आहे तरी काय? पुढच्या दीडशे वर्षांत हाच प्रश्न वेगवेगळ्या वेषांत परत परत येतो.

७/
उत्तर यायला दहा वर्षे लागली. १८७४ साली, कलकत्त्यात दीर्घकाळ काम केलेले शल्यवैद्य जोसेफ फेअरर यांनी लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात गोवा पावडरने नायटा बरा होतो असे लिहिले. तो मजकूर समुद्रापार ब्राझीलमध्ये बाहिया येथे राहणाऱ्या डॉ. जे. एफ. दा सिल्वा लिमा यांच्या वाचनात आला. वर्णन वाचून त्यांनी ओळखले, हे तर आमच्याकडचे ‘अरारोबा’! गोव्यात आणि मुंबईत जे चूर्ण गोव्याचे म्हणून विकले जात होते ते मुळात ब्राझीलच्या जंगलातले होते.

८/
बाहियाच्या जंगलात एक मोठा वृक्ष असतो. त्याच्या खोडातील भेगांमध्ये आणि पोकळ्यांमध्ये हे चूर्ण साठते. झाड तोडून, खोड चिरून ते खरवडून काढावे लागे. खरवडणाऱ्या मजुरांचे डोळे आणि चेहरे त्या धुळीने सुजत. पोर्तुगीजांच्या साम्राज्यात बाहिया आणि गोवा ही दोन टोके जहाजांनी जोडलेली होती. काजूही ब्राझीलमधूनच पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. त्याच वाटेने हे चूर्ण आले. फरक इतकाच की काजूचे झाड इथे रुजले, आणि अरारोबाचे मूळ नावाआड लपून राहिले.

९/
मूळ कळताच गती बदलली. लंडनमध्ये जॉन ॲटफील्ड यांनी १८७५ साली चूर्णाचे रासायनिक पृथक्करण केले आणि त्यात क्रायसोफॅनिक आम्ल मोठ्या प्रमाणात असल्याचे सांगितले. १८७८ साली लीबरमान आणि सायडलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी दाखवले की मूळ द्रव्य थोडे वेगळे आहे. हवेशी संयोग झाला की त्याचे क्रायसोफॅनिक आम्ल बनते. त्या मूळ द्रव्याला ‘क्रायसारोबिन’ हे नाव रूढ झाले. आता पुडीऐवजी मोजून मापून बनवलेले मलम देता येऊ लागले. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मानो स्क्वायर यांनी ते सोरायसिसवरही वापरले.

१०/
आता आपल्या टाकळ्याकडे परत येऊ. टाकळ्याच्या बियांत जी द्रव्ये आढळतात त्यांत क्रायसोफॅनॉल हे एक आहे. ॲटफील्ड यांनी ज्याला क्रायसोफॅनिक आम्ल म्हटले तेच हे. समुद्रापारच्या जंगलातून आलेल्या चूर्णाचा नातलग आपल्या बांधावर फुकट उगवत होता, आणि जुन्या वैद्यांनी त्याला दद्रुघ्न हे नाव उगाच दिले नव्हते. मात्र नाते आहे म्हणून ताकद सारखी नाही. अरारोबातील मूळ द्रव्य कितीतरी अधिक तीव्र होते. म्हणून कुणी आज टाकळा वाटून चट्ट्यावर थापू नये. सांगायचे ते एवढेच, की दोन दूरच्या भूमींतील लोकांनी, एकमेकांची खबर नसताना, एकाच कुळातील द्रव्य हेरले होते.

११/
तीव्रतेची किंमतही होती. क्रायसारोबिन कातडीची आग करी. बोट चुकून डोळ्याला लागले तर डोळा लालभडक होऊन सुजे. कपड्यांवर, चादरीवर, नखांवर जांभळट-तपकिरी डाग पडत आणि ते धुऊन निघत नसत. ज्याच्याकडे एकच धोतर आहे किंवा एकच लुगडे आहे त्याने असले मलम लावायचे कसे? औषध परवडणे म्हणजे केवळ औषधाचे पैसे देता येणे नव्हे. त्यापायी जे जे खराब होते, जो वेळ जातो, जी मजुरी बुडते, ते सगळे त्या किमतीत धरावे लागते.

१२/
याच काळात इंग्रजीत एक शब्द रूढ झाला: ‘धोबी इच’. जांघेतील नायट्याला हिंदुस्थानातील गोरे लोक हे नाव देत. धोब्याने एकत्र धुतलेल्या कपड्यांतून रोग येतो, अशी त्यांची समजूत होती. अहमदनगरचा किल्ला १८०३ साली वेलस्लीने घेतला आणि पुढे नगर ही मोठी लष्करी छावणी झाली. उन्हाळ्यात जाड गणवेश, घट्ट पट्टा आणि दिवसभराचा घाम या गोष्टी बुरशीला पुरेशा होत्या. पण रोगाला नाव मिळाले ते कपडे धुणाऱ्याचे. गोव्याचे नसलेले चूर्ण गोव्याच्या नावावर, आणि घामातून वाढणारा रोग धोब्याच्या नावावर!

१३/
ब्राझीलच्या चूर्णावर अवलंबून राहण्यातला धोका पहिल्या महायुद्धात उघड झाला. जर्मनीची समुद्रमार्गे आयात बंद पडली आणि क्रायसारोबिन दुर्मिळ झाले. गरजेपोटी तिथे एक कृत्रिम पर्यायी द्रव्य पुढे आले. १९१६ साली गॅलेव्स्की आणि उन्ना या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याचा वापर रुग्णांवर केला. आज ते ‘डिथ्रॅनॉल’ म्हणून ओळखले जाते आणि सोरायसिसवर अजूनही वापरात आहे. त्याच महायुद्धात ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील जर्मनांना नगरच्या छावणीत डांबले होते. नाकेबंदीची ही बाजू नगरकरांना ऐकून ठाऊक असते. औषधाच्या कपाटातली बाजू सहसा सांगितली जात नाही.

१४/
दरम्यान एक साधेसुधे औषध आले होते. १९०७ साली लंडनचे डॉक्टर आर्थर व्हिटफील्ड यांनी बेन्झोइक आम्ल आणि सॅलिसिलिक आम्ल यांचे मलम सुचवले. प्रमाण ठरलेले, ६ टक्के आणि ३ टक्के; घटक स्वस्त; कोणताही औषधनिर्माता घोटून देऊ शकेल असे. त्यात गुपित काहीच नव्हते. म्हणूनच ते शंभराहून अधिक वर्षे टिकले. त्याचा दोष एवढाच की ते झोंबते आणि चिकाटी मागते. आठवडेच्या आठवडे रोज लावावे लागते, आणि खाज थांबली म्हणून सोडून दिले की रोग परत येतो.

१५/
पण बाजारात गुपिताला भाव असतो. जुनी मराठी वर्तमानपत्रे आणि मासिके चाळणाऱ्या कुणालाही नायटा, खरूज, गजकर्ण यांवरील रामबाण मलमांच्या जाहिराती भेटतात. डबी सुबक, नाव दणदणीत, पण आत काय याचा पत्ता नाही. १९३०-३१ साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशातील औषधबाजाराची चौकशी केली. भेसळ आणि बनावट यांचा सुळसुळाट तिच्यासमोर आला. त्यातून १९४० चा औषध कायदा झाला. डबीवर आतले द्रव्य लिहिण्याची जी सवय आज आपण गृहीत धरतो ती याच कायद्याच्या आणि त्याखालील नियमांच्या चौकटीत वाढली.

१६/
आता प्रतिजैविकांच्या युगात येऊ. पेनिसिलिन जिवाणूंना मारते, बुरशीला नाही. उलट, प्रतिजैविकांचा वापर वाढला तसे तोंडातील आणि इतर नाजूक जागांतील बुरशीचे आजार अधिक ठळक झाले. १९५० साली अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोन संशोधिकांनी ‘निस्टॅटिन’ शोधल्याचे जाहीर केले. व्हर्जिनियातील नर्स आडनावाच्या ओळखीच्या कुटुंबाच्या शेतातील मातीत त्यांना ते बनवणारा सूक्ष्मजीव सापडला होता. त्यांनी त्या सूक्ष्मजीवाला त्या कुटुंबाचे नाव दिले, औषधाला न्यूयॉर्क राज्याचे नाव दिले, आणि स्वामित्वधनाचे पैसे स्वतः न घेता संशोधनासाठी देऊन टाकले.

१७/
तशीच माती आपल्याकडेही होती. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे ‘हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स’ या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य होते. पेनिसिलिन देशातच बनवावे हा मुख्य हेतू. पण कारखान्याला जोडून संशोधन विभागही होता, आणि तिथे एम. जे. तिरुमलाचार हे बुरशीशास्त्रज्ञ होते. त्यांचे काम वरकरणी अगदी साधे. ठिकठिकाणची माती आणायची, त्यातील सूक्ष्मजीव वाढवायचे, आणि त्यांपैकी कोणता बुरशीची वाढ रोखतो ते पाहत बसायचे.

१८/
१९६१ साली तिरुमलाचार, मेनन आणि भट यांनी एका नव्या बुरशीनाशक प्रतिजैविकाचा शोध प्रसिद्ध केला. ते बनवणाऱ्या सूक्ष्मजीवाला त्यांनी ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ हे नाव दिले, पिंपरीवरून. औषधाचे नाव ‘हमायसिन’, कारखान्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून. व्हर्जिनियातील शेताचे नाव जसे विज्ञानात गेले तसे पिंपरीचेही गेले. औषधशास्त्राच्या भारतीय पाठ्यपुस्तकांत हे औषध पुढे अनेक वर्षे छापले जात राहिले. याच प्रयोगशाळेतून ‘डर्मोस्टॅटिन’ आणि पिकांवरील बुरशीसाठी ‘ऑरिओफंगिन’ ही द्रव्येही आली.

१९/
हमायसिनला चमत्कार म्हणू नये. ते निस्टॅटिनच्या कुळातले आहे. तोंडातील पांढरी बुरशी, योनिमार्गाची बुरशी, कानातील बुरशी यांवर ते लावण्याचे औषध म्हणून चालले. नायट्याची बुरशी निराळी, तिच्यावर या औषधाचा भर नव्हता. १९६० च्या दशकात अमेरिकेत शरीराच्या आत पसरणाऱ्या काही बुरशीरोगांवर ते पोटातून देऊन पाहिले गेले; पण रक्तात ते पुरेसे आणि भरवशाने उतरत नाही असे दिसले, आणि तो उपयोग मागे पडला. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली. बुरशीवरचे औषध शोधणे हे केवळ परदेशी कंपन्यांचे काम नव्हते.

२०/
मग नायट्यावरची आधुनिक औषधे? ग्रिसिओफुल्विन हे द्रव्य १९३९ मध्येच सापडले होते. पोटातून दिल्यास ते नायट्यावर चालते हे १९५८ साली जेंटल्स यांनी गिनीपिगांवर दाखवले. क्लोट्रिमॅझोल १९६० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत तयार झाले. ही औषधे आपल्या गावच्या दुकानात स्वस्तात कशी आली, हा खरा प्रश्न आहे. त्या काळी भारतात १९११ चा पेटंट कायदा लागू होता आणि औषधाच्या द्रव्यावरच पेटंट मिळे. अमेरिकी सिनेटच्या केफॉव्हर समितीने १९६१ च्या अहवालात भारताची गणना औषधे सर्वांत महाग असलेल्या देशांत केली होती.

२१/
हे बदलले ते कायद्याने. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली पेटंट कायद्याचा अहवाल दिला होता. त्यावर आधारलेला १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये अमलात आला. आता औषधाच्या द्रव्यावर पेटंट नाही. ते बनवण्याच्या कृतीवरच, आणि तेही थोड्या वर्षांसाठी. वेगळ्या कृतीने तेच द्रव्य बनवण्याची मोकळीक देशी कारखान्यांना मिळाली. १९७० सालीच औषधांच्या किमतींवर नियंत्रणाचा आदेशही आला. क्लोट्रिमॅझोलची नळी आज तालुक्याच्या गावातही सहज मिळते, याच्यामागे हा इतिहास उभा आहे. २००५ मध्ये द्रव्यावरील पेटंट परत आले, पण जुन्या औषधांची वाट तोवर मोकळी झाली होती.

२२/
१९७५ साली जयसुखलाल हाथी समितीने आणखी एक पाऊल सुचवले होते. औषधे कंपनीच्या नावाने न विकता द्रव्याच्या मूळ नावाने विकावीत. केम्प यांच्या प्रश्नाचेच हे सरकारी रूप होते. ही सूचना पूर्णपणे कधीच अमलात आली नाही. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी दुकानांत औषधे मूळ नावाने मिळतात, तो तिचाच उशिरा आलेला अंश म्हणता येईल. ज्या रोग्याला द्रव्याचे नाव ठाऊक आहे तो दोन दुकानांतील भाव ताडून पाहू शकतो. ज्याला केवळ डबीचा रंग ठाऊक आहे तो पाहू शकत नाही.

२३/
आणि इथेच आपली कथा उलटी फिरते. औषध स्वस्त झाले, सुलभ झाले, आणि त्याच नळीत आणखी काही मिसळले जाऊ लागले. बुरशीनाशक, जिवाणुनाशक आणि तीव्र स्टेरॉइड, सगळे एकाच मलमात. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, लाली उतरते, रोगी खूश होतो. पण स्टेरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबते. बुरशी आत पसरत राहते, कातडी पातळ होते, आणि मलम सोडताच रोग दुपटीने उसळतो. हळू आवाजात “खाजेवर काहीतरी द्या” म्हणणाऱ्याच्या हाती वर्षानुवर्षे अशीच नळी पडत आली.

२४/
ऊसतोडीच्या हंगामाचा विचार करा. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून कुटुंबे बाहेर पडतात आणि महिनोन्‌महिने कोपीत राहतात. पहाटे फडात जायचे, दिवसभर घाम, अंघोळीला पुरेसे पाणी नाही, कपडे वाळवायला जागा नाही. एकाला नायटा झाला की घरातल्या सगळ्यांना होतो. त्वचारोगतज्ज्ञ शहरात, जायचे तर एक दिवसाची मजुरी जाते. उपचार मात्र अनेक आठवड्यांचा, आणि घरातील सर्व बाधितांनी एकदम घ्यावा असा. अशा माणसाला झटपट खाज थांबवणारी नळीच परवडते. तिची खरी किंमत तो पुढे मोजतो.

२५/
२०१८ मध्ये केंद्र सरकारने लावण्याच्या स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकू नये अशा औषधांच्या यादीत घातले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली. त्यांत अशी काही मलमेही होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यासाठी बराच काळ आवाज उठवला होता. तोवर मात्र बुरशी बदलली होती. २०२० साली जपानी संशोधकांनी नायट्याच्या एका नव्या, नेहमीच्या टर्बिनाफिन या औषधाला दाद न देणाऱ्या बुरशीचे वर्णन केले. तिचे नाव ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’. इंडो म्हणजे भारत. स्टेरॉइड मलमांचा गैरवापर हे तिच्या फैलावाच्या कारणांपैकी एक मानले जाते.

२६/
पाठोपाठ २०२१ ची दुसरी लाट आली. कोविड, मधुमेह आणि उपचारातील स्टेरॉइड यांच्या संगमातून म्युकरमायकोसिस म्हणजे काळी बुरशी पसरली. तिच्यावरचे औषध ॲम्फोटेरिसिन हे हमायसिनच्याच कुळातले, १९५० च्या दशकात व्हेनेझुएलाच्या मातीतून मिळालेले. महाराष्ट्रभर नातेवाईक कुप्यांसाठी शहरोशहरी धावत होते. एका रोग्याला अनेक कुप्या लागत, आणि एका कुपीला सुमारे ७,००० रुपये पडत. मेच्या अखेरीस वर्ध्याच्या एका कारखान्याने या औषधाचे इमल्शन स्वरूपातील इंजेक्शन १,२०० रुपयांत देण्याची तयारी केली. १२ जून रोजी त्यावरील जीएसटी शून्य झाला. ज्यांना औषध वेळेत मिळाले नाही त्यांच्यासाठी हे सारे उशिरा घडले.

२७/
या घटनेने आपल्या प्रश्नात भर घातली. पुडीत काय आहे हे २०२१ मध्ये सर्वांना ठाऊक होते. सूत्र ठाऊक होते, कृती ठाऊक होती. नव्हती ती ऐनवेळी पुरेसे बनवण्याची क्षमता. ज्या पिंपरीत साठ वर्षांपूर्वी याच कुळातील द्रव्य मातीतून शोधले गेले तो सरकारी कारखाना १९९० च्या दशकापासूनच आजारी उद्योगांत जमा झाला होता. म्हणजे द्रव्य ओळखणे ही पहिली पायरी. ते बनवणारे हात टिकवून ठेवणे ही दुसरी. आणि ते रोग्याच्या दारापर्यंत, त्याला पेलेल अशा भावात पोचवणे ही तिसरी. एक निखळली की उरलेल्या दोन निरुपयोगी.

२८/
शेवटी नावांकडे एकदा पाहू. गोव्याचे नसलेले ‘गोवा पावडर’. धोब्यावर बालंट आणणारा ‘धोबी इच’. एका शेतकरी कुटुंबाचे नाव मिरवणारा सूक्ष्मजीव आणि पिंपरीचे नाव मिरवणारा दुसरा. आणि आता औषधाला न जुमानणाऱ्या बुरशीवर आपल्या देशाचे नाव. यांतले पिंप्रिना आपण मातीत चिकाटीने शोधून मिळवले. इंडोटिनी आपल्या निष्काळजीपणाने आपल्या नावावर लागले. दोन्ही नावे विज्ञानाच्या ग्रंथांत यापुढेही शेजारी शेजारी राहतील.

२९/
घरात मलमाची नळी असेल तर आज ती उलटी करून पाहा. पुढचे मोठे नाव सोडा, मागचे बारीक अक्षर वाचा. द्रव्य कोणते, त्यात ‘सोन’ किंवा ‘सोल’ने संपणारे एखादे स्टेरॉइडचे नाव आहे का, जसे बेटामेथासोन, क्लोबेटासोल, नसेल समजत तर डॉक्टरांना किंवा औषधनिर्मात्याला मोठ्या आवाजात विचारा. १८६४ साली केम्प यांच्यापाशी पिवळ्या चूर्णाची पुडी होती आणि वाचायला एक अक्षरही नव्हते. आपल्या हाती ते अक्षर आहे. ते छापले जावे म्हणून कायदे झाले, समित्या बसल्या, शंभर वर्षे गेली. निदान वाचून तरी पाहू.